झाकलेला चेहरा

आमच्या शेजारचा फोटोवाला रंग दुरुस्त करताना स्क्रीनवरचा चेहरा डाव्या तळहाताने झाकतो. मला ते विचित्र वाटायचं. "चेहरा बघत बसलं की आपण मनाचे रंग भरतो," तो म्हणतो. "आधी राखाडी जुळवायचा. तो बरोबर आला की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात."

सटाण्याच्या एक काकू गेलेल्या मुलाचा फोटो घेऊन आल्या. फोटो मांडवात काढलेला, वरच्या लाल कापडामुळे तोंड, शर्ट, सगळंच तांबूस झालेलं. सोबतचा पाहुणा म्हणाला, "जरा गोरा करा." फोटोवाल्याने काकूंनाच विचारलं, "शर्ट राखाडी होता ना? उद्या आणाल?"

त्यांनी तो आणला, न धुतलेला. शर्ट स्क्रीनजवळ धरून त्याने राखाडी जुळवला, चेहऱ्यावरचा हात काढला आणि स्वतः रस्त्याकडे बघत राहिला.

"हाऊ मना पोऱ्या शे," काकू स्क्रीनवरच्या मुलाकडे बघत आपल्या अहिराणीत म्हणाल्या, आणि शर्ट मागायला हात पुढे केला.