अण्णांची खीर आणि ड्रेसिंगवाल्या सिस्टर

मंगळवारी ड्रेसिंग रूममध्ये माझं डोकंच फिरलं...

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बनारसमध्ये पौरोहित्य करतात. बालाजी घाटाजवळ आमचं घर, आणि इथली मराठी मंडळी श्राद्धाला जेवायला त्यांनाच बोलावतात. शुगर आहे, पायाच्या अंगठ्याला जखम आहे, पण पानातली खीर सोडायची नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, जखम अशीच चिघळली तर अंगठा काढावा लागेल.

राग तरी कुणाकुणाचा करायचा? यजमान म्हणणार, "गुरुजी, आमच्या आईला फार आवडायची हो, वाटीभर तरी घ्या." अहो, तुमच्या आईच्या आवडीपायी माझ्या वडिलांचा पाय घालवताय का? आणि अण्णा निमूट वाटी पुढे करणार. मी ओरडते, आई रडते, ते मान डोलावतात... आणि पुढच्या श्राद्धाला पुन्हा तेच.

म्हणून सिस्टरना म्हटलं, जरा खडसवा यांना. तर त्या पट्टी बांधता बांधता अण्णांना विचारत बसल्या, श्राद्धात काय काय होतं, कोण वाढतं, जेवण पुरं झालं हे कसं ठरतं... इथे अंगठा जायची वेळ आलीय आणि बाई गप्पा मारतायत! मी नुसती धुमसत होते.

अण्णा मात्र खुलले. शेवटी यजमान हात जोडून विचारतो, तृप्त झालात ना? आम्ही 'झालो' म्हटलं की त्यांचे पितर तृप्त, असं त्यांनी हिंदीत समजावलं.

"और तृप्ति कितनी खीर में होती है, गुरुजी?" सिस्टरनी विचारलं. "शास्त्र आप जानते हैं, हम तो नहीं."

अण्णांनी पायावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मन से हो, बिटिया, तो एक चम्मच में भी."

काल एका घरी श्राद्ध होतं. मी मुद्दाम सोबत गेले, भांडायच्या तयारीनेच. अण्णांनी चमचाभर खीर घेतली आणि वाटीवर हात ठेवला. घरच्या बाईंनी आग्रह केला तेव्हा शांतपणे म्हणाले, "मी तृप्त झालो. तुमच्या सासूबाईही झाल्या." बाईंनी मुकाट्याने पातेलं मागे नेलं.

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू... पण राग गेलेला नाही, आता तो माझाच येतोय. तीन वर्षं मी अण्णांना ओरडून सांगत राहिले, विचारलं एकदाही नाही.

आणि सिस्टर, तुमचं नावसुद्धा विचारायचं राहिलंच. शुक्रवारी पट्टी बदलायला येऊ, तेव्हा आधी तेच विचारीन.