आधी गाय, मग काकी: समुद्रकाठची एक मॉक ड्रिल

लोक मे महिन्यात कोकणात आंबे खायला जातात. मी शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन गेले. चाकणच्या एका कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. भोंगा वाजला की सगळ्यांना शेडबाहेर काढायचं आणि डोकी मोजायची, हे माझं काम. आमचा फोर्कलिफ्टवाला दिनेश एक दिवस केबिनमध्ये आला आणि म्हणाला, मॅडम, आमच्या गावात येऊन एकदा अशी ड्रिल घ्याल का?

गाव हर्णैच्या पुढे, समुद्राला अगदी लागून. नाव मुद्दाम सांगत नाही, आधीच तिथे पुण्याच्या गाड्या मावत नाहीत. मागच्या मोठ्या वादळात सगळं गाव टेकडीवरच्या शाळेत गेलं, दिनेशची आई मात्र खालीच राहिली. भिंत तिच्यापासून हातभर अंतरावर कोसळली. चार दिवस फोन बंद होते आणि ते चार दिवस दिनेशच्या घशाखाली घास उतरला नाही. आता वादळं वरचेवर येतात, म्हणून त्याने आईला निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. ड्रिलला वेळेत वर आलीस तर गावात राहा, नाहीतर गाय विकायची आणि माझ्याकडे संत तुकाराम नगरला यायचं, तिसऱ्या मजल्यावर.

शनिवारी पहाटे मोशीहून निघालो. मी, दिनेश आणि माझे सासरे. आबा गाडीत बसले की डुलक्या घेतात, पण घाट लागला की खडबडून जागे होऊन ड्रायव्हिंग शिकवतात. वाकड साडेपाचच्या आत ओलांडलंत तर पुढे पौडपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड, दापोली असं थांबत थांबत सात तास लागले. माणगावला नाश्ता उरकून घ्या, नंतर धड काही मिळत नाही. मंडणगडच्या वळणांवर हॉर्न वाजवायची लाज बाळगू नका. जाऊन-येऊन पेट्रोल तीन हजारांच्या आसपास. गावात घरगुती राहायची सोय होते, माणशी हजारात दोन वेळचं जेवण धरून. आम्ही दिनेशकडेच उतरलो, त्यामुळे बांगड्याचं तिखलं फुकट आणि आग्रह भरपूर.

संध्याकाळी हमीदभाईंनी गाव दाखवलं. त्यांच्या दोन होड्या आहेत आणि वादळाची सगळी तयारी तेच बघतात. मी मोठ्या तोऱ्यात शिकवायला गेले होते, तो तोरा तासाभरात उतरला. कौलांवर जुनी मासेमारीची जाळी टाकून कडांना दगड बांधलेले. नारळाच्या वाळक्या झावळ्या आधीच उतरवलेल्या. इशारा आला की देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून एकच सूचना, एकाच शब्दांत. आणि एक यादी, प्रत्येक म्हाताऱ्या माणसापुढे त्याला वर आणणाऱ्याचं नाव लिहिलेली. मला ही यादी फार आवडली.

रविवारी सकाळी मी अंगणात सगळ्यांना जमवून माझं ठरलेलं भाषण दिलं. सगळं जिथल्या तिथे सोडायचं, मागे वळून बघायचं नाही. सुलोचनाकाकी, म्हणजे दिनेशची आई, पहिल्या ओळीत बसून मान डोलवत होत्या. नऊ वाजता भोंगा झाला. पंचवीस मिनिटांत गाव शाळेत हजर. मी डोकी मोजली, एक कमी.

काकी गोठ्यात सापडल्या. तांबू नावाच्या त्यांच्या गायीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना न्यायला आलेला शेजारी हात जोडून जोडून थकला होता. दिनेशचा चेहरा पडला. तो ओरडलाही नाही, फक्त म्हणाला, आई, ठरलं होतं आपलं. काकींनी पदराने डोळे टिपले. मला अगदी अपराधी वाटलं, कारण हरल्या त्या माझ्या शिट्टीमुळे.

तेवढ्यात मागून काठी टेकत आबा आले. त्यांनी गोठा पाहिला, दावं पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"सूनबाई, कंपनीत मशीन जागेवर सोडून येत्यात, ते ठीक. ही काय मशीन हाय व्हय? दाव्याला गाय बांधलेली ठिऊन बाई घर सोडायची न्हाई."

"तिला कोन सोडनार हुता?" काकी हळूच म्हणाल्या. "मी गेलंय तर ती तिथंच मरनार."

हमीदभाईंनी खिशातून यादी काढली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. सगळी माणसं होती, एकही जनावर नव्हतं. मग त्यांनी पेन मागितलं आणि सगळ्यात वर लिहिलं: गुरं आधी. शाळेमागे चिऱ्यांच्या भिंतीचं आवार होतं, तिथे गुरं मोकळी सोडायचं ठरलं. शाळेच्या पायऱ्या गाय चढणार नाही, म्हणून आबांनी टेकडीला वळसा घालून उताराची पायवाट शोधली. घामाने निथळत होते, पण चेहऱ्यावर वीस वर्षांपूर्वी विकलेली बैलजोडी परत आल्यासारखा आनंद होता.

चार वाजता पुन्हा भोंगा. शेजाऱ्याने दावं सोडलं, तांबू पुढे आणि काकी तिच्यामागे, कोणी हाक न मारता. सतरा मिनिटं. दिनेशने स्टॉपवॉच माझ्या हातातून घेऊन दोनदा बघितलं. गाय विकायचा विषय तिथेच संपला.

जून लागला आणि खरंच इशारा आला. शॉप फ्लोअरवर मोबाइल चालत नाही, म्हणून मी दिनेशला माझ्या केबिनमध्ये बसवलं. दुपारी काकींचा फोन आला, त्याने स्पीकरवर लावला.

"आमी दोघी वर पोचलाव. तू जेवलास काय?"

त्यानंतर लाइन गेली, ती तीन दिवस. दिनेशने डबा उघडला आणि जेवला. तिन्ही दिवस शिफ्टला आला, तिन्ही दिवस जेवला. दापोलीच्या ट्रिपमधून मी काय आणलं असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगते. आमच्या ड्रिलच्या भाषणातून 'सगळं जिथल्या तिथे सोडा' हे वाक्य मी काढलंय. त्याऐवजी आधी विचारते, तुमचा पाय कशात अडकतो?

चौथ्या दिवशी दिनेशने आमच्या घरून लावलेला फोन लागला. आबा मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले होते. त्यांना गायीचं विचारायचं होतं. काकी दिनेशला म्हणाल्या, "आबांना सांग, गोठा पडला. रिकामाच पडला."