कालव्याची ओटी

मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गच्या दुकानात परवा खणांचा नवा गठ्ठा सोडला, आणि खळीच्या त्या वासासरशी मी थेट सेल गावच्या जुन्या कालव्यात, संथ चाललेल्या बोटीत जाऊन बसलो.

बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आई आणि बाबांची धाकटी बहीण, कुसुमआत्या, माझ्याकडे मेलबर्नला आल्या होत्या. बोटीचा कप्तान कालव्याची थोरवी अशी सांगत होता, की नाईलने लाजावं. प्रत्यक्षात काठावर गायी चरत होत्या आणि पाण्याला चहाचा रंग होता.

कुठलंही नवं पाणी पाहिलं की आई ओटी भरायची. तिने पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले.

आत्या हळूच म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही नाही भरायची. मी सवाष्ण आहे, मी भरते."

"तू तुझी भर. मी माझी भरते."

"लोक काय म्हणतील?"

"कोण, त्या गायी?"

एवढ्यात कप्तानाने हटकलं, "सॉरी मेट, पाण्यात काही टाकायचं नाही." भांडण परस्पर मिटलं म्हणून मी सुटलो.

आईने मान डोलावली आणि ओटी बोटीच्या टोकाशी, पाण्यासमोर मांडली. हळदकुंकू वाहून नमस्कार केला. मला तेव्हा तो हट्ट वाटला, गोऱ्यांसमोर संकोचही. आज वाटतं, तिने आमच्यापैकी कुणाची परवानगी मागितली नाही, हे फार बरं केलं.

मग वळून तिने कुंकवाचं बोट आत्यासमोर धरलं. आत्या क्षणभर थबकली, आणि तिने कपाळ पुढे केलं.