सगळ्या ट्रॉल्यांची एकच पट्टी

आमची गाडी आपोआप चालते, पण अजून संगणकातच. माधवनगरच्या घरी माडीवर बसून मी तिच्यासाठी खोटे रस्ते बनवतो, त्यावर खोट्या म्हशी सोडतो आणि तिच्या सेन्सरना, म्हणजे डोळ्यांना, त्या दिसतात का बघतो. दिसल्या की मी सही करायची. मग खरी गाडी खऱ्या रस्त्यावर, आत डोळे मिटून बसलेलं कुणाचं तरी माणूस.

गेल्या हंगामात उसाची ट्रॉली बनवायची होती. अंधारात गाड्या मागून घुसतात त्या तिच्यातच. म्हणून कोरेगावजवळच्या सासुरवाडीला गेलो आणि फाट्यावर उभा राहून फोटो काढले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल. रुबाबाची हौस, दुसरं काय!

त्या फोटोंवरून ट्रॉल्या बनवल्या आणि गाडी सोडली. झकास थांबली. अंधार केला, धुकं घातलं, तरी थांबली. वरिष्ठ खूश, म्हणाले, "करा सही." मला मात्र वास यायला लागला. हिला कालपर्यंत म्हैस झुडूप वाटत होती. आज एवढी अक्कल कुठून आली?

तेच फोटो पुन्हा उघडून बघितले. प्रत्येक ट्रॉलीमागं चकाकणारी लाल पट्टी. एकही चुकार नाही. आमच्या भागात?

मेव्हण्याचा ट्रॅक्टर आहे. त्याला फोन लावला. "काय रं, सगळ्यांनी पट्ट्या कवा लावल्या?"

तो हसतच सुटला. "आवं दाजी, तुमी दिसला की पुढचा मागच्याला फोन करायचा, आरटीओचा सायेब हाय, गॉगलवाला! मग पट्टी अडकवायची. तुमच्या म्होरं गेलं की मोटारसायकलवरनं मागच्याला धाडायची."

"आणि तू सांगितलं न्हाईस?"

"कशाला? पाव्हणा आरटीओत म्हणल्यावर माजा लय मान वाढला हुता."

फोटो मोठे करून बघितले. सगळ्या पट्ट्यांचा डावा कोपरा फाटलेला.

संगणकातली पट्टी पुसली आणि गाडी पुन्हा सोडली. ती थेट आरशापर्यंत उसात घुसली. सही राहिली. आता वरिष्ठांना माझाच संशय येतो: काल पास, आज नापास, तुम्ही नेमकं काय केलंत?

यंदा परत फाट्यावर गेलो. गॉगल नाही, अंगात सासऱ्यांची मळकी बंडी. पहिलीच ट्रॉली हळू झाली. ड्रायव्हरनं मला खालीवर न्याहाळलं.

"सायेब, यंदा वेश बदलून व्हय?"

ट्रॉली पुढं गेली. मागं पट्टी होती, डावा कोपरा फाटलेली.

सही अजून व्हायची आहे.