आत्याच्या गाड्या

फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या प्रेसमध्ये एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. लाखनीच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई बोलत होत्या. मधल्या सुट्टीत मंदाआत्या खुर्चीतच कोसळली, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं... एवढं सांगून मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि खोलीत त्यांचं ते खेळण्यांचं सामान आहे. घरमालक विचारून राहिले, त्याचं काय करायचं?" आत्याचा देह अजून शाळेतच होता आणि लोकांना चिंता पडली होती ती खेळण्यांची! फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. त्याला आता दीड महिना होत आला. राग उतरत नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

खेळणी नव्हती ती. जस्ताच्या ओतकामाच्या, खऱ्या गाडीचं माप काटेकोर लहान करून बनवलेल्या मोटारी, ट्रक, बसगाड्या, एक रोडरोलर, एक रुग्णवाहिका. पोटाखाली बारीक उठावाच्या अक्षरांत देशाचं नाव. कुण्या साहेबाच्या, कुण्या मालगुजाराच्या घरातून निघून भंगारात आलेल्या. नागपूरला शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत असताना जुन्या बाजारात तिला पहिली गाडी मिळाली, आणि मग जुन्या वस्तू जिथे मांडल्या असतील तिथे ती जाऊ लागली. दिवाळीनंतर आमच्या अड्याळला मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची. सगळं गाव दंडारीचं नाटक बघायला जायचं, आणि आत्या बिघडलेली घड्याळं, कंदील, ग्रामोफोनचे कर्णे मांडून बसलेल्यांच्या रांगेत. मी तिचं बोट धरून. हवी असलेली गाडी दिसली की आत्या तिच्याकडे बघायचीच नाही. आधी एखादा अडकित्ता उचलायची, कंदिलाची काच ठोकून बघायची आणि मग सहज विचारल्यासारखं, "आन हे काय होय?"

"घ्या न बाई, लेकरू खुश होईन," दुकानदार म्हणायचा.

"लेकरासाठी नाही. माह्यासाठी."

एकदा एकजण हसून म्हणाला होता, "मंग त बाई, हवा भरून देतो चाकात." आत्यासुद्धा हसली. पण गाडी घेऊनच उठली.

हा शौक पुरुषाचा असता तर कुणी काही बोललं नसतं. आमच्या भागात पटासाठी, बैलांच्या शर्यतीसाठी, बैलजोडी बाळगणारे आहेत. ती जोडी वर्षभर नांगराला लागत नाही, तरी लोक तिच्या मालकाला मानानं बसवतात. बाईनं पगारातून एक लोखंडी रॅक घेऊन त्यावर चार गाड्या मांडल्या की तिच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. "लगन नाही, लेकरू नाही, म्हनून खेळून राहिली," हे मी शेजारच्या ओट्यावर माझ्या कानांनी ऐकलं आहे. आणि आमच्या घरातही ऐकलं आहे, हे अधिक. माझे बाबा, म्हणजे तिचे दादा, शेती सांभाळून विडी कामगार बायांसाठी पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पण त्याच घरात आत्याच्या रॅकवर पाहुणे आले की चादर टाकली जायची.

आणीबाणीच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. आत्याला कोंढ्याचं स्थळ आलं. मुलगा बिजवर, शेतीवाडी चांगली. पाहुणे येणार त्या सकाळी आजीनं सगळ्या गाड्या ओच्यात घेतल्या आणि धानाच्या ढोलीत, त्या शेणानं लिपलेल्या बांबूच्या कोठीत, खोल दाबून ठेवल्या. आत्या शाळेत गेली होती. परत आली तेव्हा रॅकवर पाण्याचे पितळी गुंड होते. तिनं साडीचा पदर खोचून चहाला आधण ठेवलं.

आजीला एवढंच सुचलं नाही की शेतकरी माणूस सोयरिकीला आला की आधी ढोली बघतो. मुलाचे मामा पाणी प्यायले, उठले आणि "कोनतं धान होय जी?" म्हणत त्यांनी ढोलीत कोपरापर्यंत हात घातला. मूठ काढायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून दाणा दातानं फोडायचा, ही रीतच. मूठ बाहेर आली ती धानासकट एक हिरवा ट्रक घेऊन.

"अरे बाप्पा! तुमच्या बांधीत टरक पिकते का जी?"

आजीनं भिंतीला पाठ टेकली. मुलानं ट्रक हातात घेऊन उलटापालटा केला. "कोनाचा होय?"

"पोरीचा असन," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. पत्रकात एक अक्षर खोटं जाऊ न देणारे माझे बाबा! "पोट्टे कुठंबी टाकतेत."

आत्या आतल्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे. तिनं ट्रे खाली ठेवला.

"तिचा नाही जी. माहा होय. आखीन हायेत आत."

"मंदे!" आजी.

तो माणूस वाईट नव्हता. शांतपणेच म्हणाला, "बरं. लगनाच्या आधी देऊन टाका कोनाले. आमच्याइथं लोकं हासतीन."

"काहून देऊ?"

"आता तुमी का लहान हा का जी?"

"लहान असती त मांगून घेतल्या असत्या. ह्या मी माह्या पगारातून घेतल्या. ह्या येतीन त मी येईन."

त्यानं ट्रक बाजेवर जपून ठेवला, टोपी नीट केली, रामराम केला. "चहा त पेऊ द्याचा होता गा, भाच्या," मामा म्हणाले, आणि तेही निघाले.

मग बाबा भडकले. "टिनाच्या डब्यापायी तुनं घराची इज्जत घालवली!"

आत्या ढोलीत हात घालून एकेक गाडी काढत होती, फुंकून कोंडा उडवत होती. वर न बघता म्हणाली, "दादा, तुमी पत्रकात लिहिता, बाईच्या कमाईवर बाईचा हक. थे विडीवाल्या बायांसाठीच हाय का?"

पुढच्याच महिन्यात तिनं लाखनीला बदली मागितली आणि हायवेलगत खोली घेतली. पुन्हा स्थळ आलं नाही. ती दुःखी होती असं अनेकांनी ठरवून टाकलं आहे. मी सुट्ट्यांमध्ये तिच्याबरोबर नागपूरचे बाजार हिंडले आहे. तसं काही मला दिसलं नाही. भावाशी मात्र ती जेवढ्यास तेवढं बोलायची, आणि ते तिला सलायचं, हे मला माहीत आहे.

गेल्या रविवारी आम्ही ती खोली उघडली. बाबा पोतं घेऊन आले होते. म्हणाले, "आश्रमशाळेच्या लेकराइले देऊन टाकू. गरजू हायेत." ऐकायला किती योग्य! मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात रॅककडे लक्ष गेलं. रॅकवरची एकही गाडी जागेवर नव्हती. सगळ्या पुढे सरकून अगदी कडेवर आल्या होत्या. रुग्णवाहिकेची पुढची चाकं तर हवेतच होती.

"हे कोनं केलं?" बाबा दचकून म्हणाले.

कुणीच नाही. हायवेवरून भरलेला ट्रक गेला की ती खोली थरथरते आणि गाड्या हळूहळू, केसभर पुढे येतात. आत्या रोज सकाळी शाळेत जायच्या आधी एका बोटानं त्यांना मागे लोटायची. दीड महिना ते बोट नव्हतं. मी बाबांना हे सांगितलं.

त्यांनी पोतं खाली ठेवलं. चष्मा वर केला आणि एकेक गाडी मागे ढकलू लागले. घाईनं नाही, चाकं फळीला टेकली की नाही बघून. शेवटच्या ओळीपर्यंत आले तेवढ्यात बाहेर हायवेवर मोठा ट्रक आला, खिडकीच्या काचा वाजल्या. बाबांनी आपला तळहात रॅकच्या कडेला आडवा धरला आणि तो ट्रक जाईपर्यंत तसाच धरून ठेवला...