भीती कोणाला वाटते?

दवाखान्याच्या तळघरात शिवणबाई सव्वीस वर्षं फाटक्या चादरी जोडत होती. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, धडधाकट कडा आत घ्यायच्या, टीप मारायची. तीही विरली, की उशांच्या खोळी. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, तेव्हा थोरल्या बहिणीनं तिला हाताला धरून आपल्या दोन खोल्यांत आणलं होतं.

थोरली शाळेत गणित शिकवायची. जीभ तिखट, माया आतली. पहाटे दोघी भिंतीला टेकून डोळे मिटून बसत. शिवणबाईला हुंदका आला की थोरली विचारी, "रडू कोणाला येतंय?"

"मला."

"मग त्या 'मी'ला शोध. नाव गेलं, नातं गेलं, तरी उरतं ते तू. बाकी सगळं उसनं."

त्या एका प्रश्नावर शिवणबाई तरली.

अडुसष्टाव्या वर्षी थोरली विसरू लागली. आधी किल्ल्या, मग पाढे, मग बहीण. "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच. तीस वर्षं झाली, अजून चहा नाही विचारलात," शिवणबाई म्हणे, आणि थोरलीही हसे. पण शिवणबाईच्या मनात एक चोरटी आशा होती. नाव, नातं गळतंय ना? मग उरेल ते शांतच असेल.

एका दुपारी ती कामावरून आली, तर थोरली कपाटामागे अंग चोरून उभी. कपडे ओले झालेले.

"भीती वाटते," ती म्हणाली.

शिवणबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोणाला वाटते?"

थोरलीचे ओठ हलले. उत्तर न येणाऱ्या शाळकरी पोरीसारखी ती बघत राहिली. "मला नाही येत सांगता. मारू नका."

शिवणबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं थोरलीचं अंग पुसलं, कोरडे कपडे घातले आणि अंधार पडेपर्यंत तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिली. तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही.

पुढे एकदा थोरलीनंच विचारलं, "मी आहे ना?"

"आहेस."

"तेवढं कळतं. बाकी काही नाही कळत." दाढ दुखते म्हणून सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

मग छातीत कफ साठला. अकरा दिवस ती श्वासाशी झुंजली आणि बहिणीचं बोट घट्ट धरून, डोळे विस्फारलेले असतानाच गेली.

दुसऱ्या पहाटे शिवणबाई एकटीच भिंतीला टेकून बसली. रडू येत होतं. येतंय हे कळतही होतं. त्यानं रडू काही कमी झालं नाही. ती तशीच बसून राहिली.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली. धोब्यानं गाठोडं खाली ठेवत विचारलं, "थोरल्या बाई शांतपणे गेल्या ना?"

"नाही, घाबरत गेली," ती म्हणाली. "पण होती. शेवटपर्यंत होती."

धोब्यानं गाठोडं सोडलं आणि तिला चादरी मोजून दिल्या.