खोलीची राखण

शिलाईमावशी दोन महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या. पाय चांगले धडधाकट होते, पण जीव दाराच्या कुलपात अडकला होता.

मालकाने भाडं एकदम दुप्पट मागितलं आणि मावशींनी साफ नकार दिला. मग त्याचा सूर बदलला. छत दुरुस्त करायचंय, पंधरा दिवस लेकीकडे जाऊन या, असं तो गोड बोलून सांगू लागला. खालच्या मजल्यावरचा घड्याळजी असाच पंधरा दिवसांसाठी गेला होता. परतला तर दाराला भलतंच कुलूप आणि सामान जिन्यात. मावशींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्या काही दूधखुळ्या नव्हत्या.

भाजी शेजारीण कामावरून येताना आणायची. आंघोळ दोन तांब्यांत उरकायची. जिन्यात पाऊल वाजलं की मशीन थांबायचं. एका शर्टाला तर त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक भला माणूस, शर्ट तसाच घेऊन गेला.

अशातच सात तासांवरच्या गावी लेक बाळंत झाली, मुलगी झाली. मावशींनी फोनवर नातीचं रडणं ऐकलं आणि मग स्वतःही रडून घेतलं. पहिल्या बाळंतपणात आपण लेकीजवळ नाही, हे त्यांना फार लागलं. मालकाचा इतका राग त्यांना कधीच आला नव्हता.

शेवटी शेजारणीने एका वकीलबाईंना घरीच आणलं. भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कोणी काढू शकत नाही, हे बाईंनी नीट समजावलं आणि कोर्टात अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी शेजारीण रजा काढून खोलीत बसली, तेव्हा कुठे मावशी बाहेर पडल्या. मनाई हुकूम मिळाला. त्याची एक प्रत त्यांनी दाराला बाहेरून चिकटवली, एक आतून, आणि बस धरली. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

नात कुशीत होती, तरी मावशींचे कान जिन्याकडे. लेकीच्या घराला जिनाच नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "परवा निघते."

लेक चिडली. "आई, कोर्टाने मनाई त्याला केलीये, तुला नाही. राहा की महिनाभर."

मावशी ओशाळल्या. "राहते," म्हणाल्या. मग नातीला थोपटत त्यांनी शेजारणीला फोन लावला आणि हळूच विचारलं, "कुलूप आपलंच आहे ना गं?"